शिळ्या पाण्याची बाजू

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तू सध्या काय करतेस गं?" की मी सांगते, "लोकांच्या घरी जाऊन समुद्र सांभाळते." निम्मे लोक हसून पुढे सरकतात. उरलेले निम्मे विचारतात, "म्हणजे मासे विकतेस?" आमच्या भागात हा प्रश्न अपमानाचा नाही. मासे विकणाऱ्या बायकांचा दरारा मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यातला थोडा जरी माझ्या वाट्याला आला असता, तर गिऱ्हाइकांनी माझं ऐकलं असतं आणि बरीच प्रवाळं आज जिवंत असती.

मी खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या बसवते आणि दर आठवड्याला जाऊन त्यांची देखभाल करते. त्यात मासे असतात, पण ते निमित्त. खरं काम प्रवाळाचं. प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण प्रभादेवीच्या एका गृहस्थांनी पत्रिकेत मंगळ कडक आहे म्हणून टाकी बसवून घेतली होती. प्रवाळ हा प्राणी आहे. तो झाडासारखा एका जागी बसतो, चुन्याचं घर बांधतो, आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. हे शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. म्हणजे जागा एकाची, स्वयंपाक दुसऱ्याचा. गिरणगावात खानावळवाल्या बायका आणि कामगार असेच एकमेकांच्या आधाराने जगले. प्रवाळाची तब्येत बिघडली की हा भाडेकरू घर सोडतो, प्रवाळ पांढरंफटक पडतं, आणि बहुधा उपाशी मरतं.

माझे बाबा विणकर होते. संप झाला, गिरणी बंद पडली, त्यानंतर माझा जन्म. म्हणजे मी संप पाहिला नाही, पण वाचला भरपूर. आमच्या खोलीत कपाटावर पत्रकांचे गठ्ठे होते आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. बाकीची मुलं बदकाच्या चित्राखालचा शब्द लावत होती, तेव्हा मी 'कामगार बंधू-भगिनींनो' लावत होते. त्याचा परिणाम असा की आजही मला काही पटवून द्यायचं असलं, की त्याच्या आपोआप सात मागण्या होतात. संप मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलंच नाही, तेव्हा तो अजून चालू आहे, असं बाबा चहा पिता पिता सांगतात. आई म्हणते, "चालू आहे तर कपबशी विसळायला हरकत नसावी."

मी ज्या दुकानात काम करते ते दादरला आहे आणि मालकांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पा मला 'लीडर' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं होतं की समुद्रातून तोडून आणलेलं प्रवाळ दुकानात येता कामा नये. तो गुन्हा आहे, आणि नसता तरी मी येऊ दिलं नसतं. अप्पा म्हणाले, "अगं, मी कधी आणलंय? आपण जुन्या टाक्यांतल्या प्रवाळाचे तुकडे लावून वाढवतो, गुलाबाची कलमं लावावीत तसे. तू आधी बस तरी." तेव्हापासून मी तिथे बसले आहे.

आता नव्या टाकीची गंमत सांगते. नवी टाकी फार देखणी असते. काच चकचकीत, वाळू पांढरी, दगड पांढरे, पाणी असं की आहे की नाही कळू नये. गिऱ्हाईक खूश असतं. प्रवाळाच्या दृष्टीने मात्र ती ओसाड माळावरची कोरी इमारत असते. माशाने खाल्लं की तो घाण करणार, त्या घाणीतून विष तयार होणार. हे विष खाणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्तीला यावे लागतात. एक जात ते खाऊन जरा वेगळं विष सोडते, दुसरी जात ते खाऊन त्याहून बरंच सौम्य काहीतरी सोडते. ही साखळी जुळायला महिना-दीड महिना जातो. मासे तग धरतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं, झालं.

झालेलं काहीच नसतं. रस्ता झाला, गाव वसायचं असतं. दगडांवर आधी तपकिरी थर येतो, मग हिरवं केसाळ शेवाळ वाढतं, मग ते खाणारे किडे आणि गोगलगाई वाढतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळंबीचे भाऊबंद येतात. सगळ्यांत शेवटी दगडांवर गुलाबी चुनखडीचा थर चढू लागतो. तोवर पाण्यातलं मीठ, चुना, उष्णता आज एक, उद्या एक. जुन्या टाकीत काही बिघडलं तर दहा जीव मिळून ते सावरून घेतात. नव्या टाकीत सावरायला कुणी नसतं आणि प्रत्येक धक्का थेट प्रवाळाला बसतो. सहा महिने लागतात, कधी वर्ष लागतं, आणि पैसे ओतून ही घाई करता येत नाही. हे शेवटचं वाक्य गिऱ्हाइकांना सर्वांत जास्त झोंबतं.

गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत माझी बरीच गिऱ्हाइकं आहेत. बाबांनी जिथे माग चालवले त्या पत्त्यावर मी वहीत नाव लिहून, पाहुण्यांची नव्हे तर सामानाची लिफ्ट घेऊन, बादल्यांसकट वर जाते. एका बाईंना सोफ्याच्या रंगाचं प्रवाळ हवं होतं. एका गृहस्थांनी वास्तुशांतीच्या भटजींकडून प्रवाळ सोडायचा मुहूर्त काढून आणला, तो टाकी भरल्यापासून नववा दिवस होता. मी म्हटलं, "मग बाराव्याचंही आत्ताच विचारून ठेवा." मी खाली उतरायच्या आत अप्पांना फोन गेला होता.

अशा लोकांवर मी पूर्वी सात-सात कलमी राग काढत असे. तो राग कमी झाला तो रेडकर काकूंच्या टाकीमुळे, कारण तिथे चूक गिऱ्हाइकाची कमी आणि माझी जास्त होती.

काळाचौकीत काकूंची चाळ पाडून उंच इमारत झाली आणि चाळीतल्या लोकांना तिथेच घरं मिळाली. काकू अकराव्या मजल्यावर आल्या. यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा संदेश बोटीवर इंजिनियर. एकदा गेला की सात-आठ महिने परत येत नाही. त्याचं आणि सुनेचं घर खारघरला. आईने आता तिकडे यावं आणि ही जागा भाड्याने द्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. काकूंचं म्हणणं एवढंच होतं की नको.

टाकी बसवायला गेले त्या दिवशी हे सगळं माझ्यासमोरच चाललं होतं. संदेश टाकीच्या काचेवर हात ठेवून म्हणाला, "आई, ही एक ट्रिप तुला दिली. एकटी नीट राहून दाखव, मी विषय काढणार नाही. नाहीतर उतरलो की खारघर."

"आणि नीट रवलंय ता कसा समाजतला तुका?" काकूंचं सगळं आयुष्य मुंबईत गेलं, पण बोलणं मालवणातच राहिलं होतं.

"ही टाकी आहे ना. ही जगवलीस की समजेन घर सांभाळतेस."

तो हसत म्हणाला. काकू हसल्या नाहीत. तो आत गेल्यावर मला म्हणाल्या, "ऐकलंस मां गो? माशांच्या वांगडा माका पण परीक्षेक बसवल्यान."

टाकी तीन आठवड्यांची झाली आणि संदेशची निघायची वेळ आली. त्याला जाण्याआधी फांद्यांचं प्रवाळ आत लागलेलं बघायचं होतं. हे प्रवाळ सगळ्यांत नाजूक. मी अप्पांना म्हटलं, "सहा महिने तरी नाही. हवं तर लिहून देते."

"लिहून नको देऊस," अप्पा म्हणाले. "माणूस आठ महिने नुसतं पाणी बघायला चाललाय. एक तुकडा लाव. तुझ्या तत्त्वांना मी नंतर चहा पाजतो."

मी लावला. बोटाएवढा, फिकट जांभळा तुकडा. अकराव्या दिवशी तो पांढरा पडला आणि चौदाव्या दिवशी मी तो चिमट्याने बाहेर काढला. तत्त्वाच्या विरुद्ध वागून माणसाला निदान काहीतरी मिळावं. मला त्या दिवशी चहाही मिळाला नाही. काकूंनी फोनवर मुलाला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "एक गेलं. पुढचं बघू." पण तो 'बघू' काकूंच्या चेहऱ्यावर दिवसभर होता.

अपराधी वाटलं की मी पत्रक काढते. त्याप्रमाणे घरी बसून सुवाच्य अक्षरांत सात सूचनांचा कागद केला आणि टाकीशेजारी चिकटवला. हात टाकीत घालण्यापूर्वी साबण पूर्ण धुवावा, दिवा ठरल्या वेळी लावावा, माशांना लाडाने जास्त खायला घालू नये, वगैरे. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अक्षर बरां आसा."

त्यानंतर जे झालं ते मी या कामात पुन्हा पाहिलेलं नाही. टाकीचं वयच वाढेना. दर गुरुवारी मी पाण्याचा नमुना घेऊन त्यात थेंब टाकायचे आणि रंग सांगायचा की विष अजून आहे. महिना झाला, तीन झाले, पाच झाले. दगड पांढरेशुभ्र, वाळू पांढरीशुभ्र. तपकिरी थर नाही, हिरवं शेवाळ नाही, एक किडा नाही. दोन पट्टेवाले मासे तेवढे चिवटपणे फिरत होते. मी पंप बदलला. दिवा बदलला. मिठाची पिशवी दोन महिने पुरायची ती तीन आठवड्यांत संपत होती, म्हणून मीठवाला वजनात मारतो असा आरोप करून अप्पांशी भांडले. शेवटी अप्पा स्वतः आले, कमरेवर हात ठेवून टाकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "लीडर, पाच महिन्यांची टाकी तीन दिवसांची दिसतेय. हिचं वय कोण चोरतंय?"

काकू पदर आवळून कोपऱ्यात उभ्या होत्या. "माझ्या हातून काय चुकता काय गो?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडून काही नाही," मी ठामपणे म्हटलं. "तुमच्याइतकी स्वच्छ टाकी माझ्या एकाही गिऱ्हाइकाची नाही."

हे मी बोलले. साक्षीदार अप्पा.

एका बुधवारी लालबागचं एक काम रद्द झालं, म्हणून मी एक दिवस आधीच सकाळी काकूंकडे गेले. दार उघडंच होतं. अकराव्या मजल्यावरही त्यांनी चाळीची सवय सोडली नव्हती. टाकीत फक्त पाणी आणि दोन भांबावलेले मासे होते. मोरीत नळ सोडलेला, समोर परात, परातीत माझे दगड, आणि काकूंच्या हातात काथ्या.

"काकू, काय करताय?"

"घासतंय."

"दगड घासताय?"

"मग काय तुका घासू?" त्या म्हणाल्या, पण पकडल्यासारखा त्यांचा आवाज उतरला. "तू गुरवारी येतंस. तुका घाण दिसाक नको म्हणान बुधवारी घासतंय."

"दर बुधवारी?"

"एक चुकूक नाय."

मी नळ बंद केला. "आणि पाणी?"

"ता रोज. पाच वाजता एक कळशी काढतंय, एक कळशी नळाची घालतंय. शिळ्या पाण्यात कोण रवतला?"

चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नळाला पाणी यायचं ते पहाटे तासभर. ते आलं की कालचं ओतून द्यायचं, हंडा-कळशी चिंचेने घासायची आणि ताजं भरायचं. कालचं पाणी आज पिण्याला ठेवणाऱ्या बाईबद्दल जिन्यात बोलणं व्हायचं. आता नळाला दिवसभर पाणी असतं, तरी काकू पाचला उठतात. त्याच हाताने त्यांनी टाकीचं पाणी भरलं होतं. मीठ कसं घालता, विचारलं तर म्हणाल्या, "जिभेक लावन बघतंय." मी यंत्राने मोजलं. मीठ काटेकोर बरोबर होतं. मला यंत्र लावूनही कधी कधी इतकं जमत नाही. मीठवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग मी भाषण केलं. नळाच्या पाण्यातल्या औषधाने जिवाणू कसे मरतात, घासल्याने त्यांची वस्ती कशी उठते, पाच महिने रोज आपण गाव वसायच्या आधीच बुलडोझर कसा फिरवत होतो, बुलडोझर हा शब्द मी तीनदा वापरला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले, मला दंडाला धरून टाकीपाशी नेलं आणि माझ्या कागदावर बोट ठेवलं.

"वाच. एक नंबर."

मी वाचलं. 'टाकी व परिसर सदैव स्वच्छ ठेवावा.'

"कोणी लिवलां?"

"मी."

"आणि 'सदैव'," काकू म्हणाल्या. "कधीतरी नाय."

मी ती ओळ का लिहिली हे आजही नीट सांगता येत नाही. काचेला बाहेरून हात लागू नयेत, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मी वाढले ते सूचना वाचत. चाळीच्या जिन्यात, गणपतीच्या मंडपात, संडासाच्या दारावर, प्रत्येक सूचनेचा पहिला नंबर स्वच्छतेचाच असायचा. विचार न करता मी तेच वाक्य उतरवलं होतं. एका बाईने माझं पत्रक शब्दशः पाळलं, आणि मला त्याची सवय नव्हती.

काकूंनी मला बसवलं. मी काही खाल्लेलं नाही हे त्यांनी तोंड बघूनच ओळखलं होतं. त्यांनी बिडाचा तवा चढवला आणि घावन घालायला घेतलं. जाळी पडलेलं घावन उलथनं लावताच अलगद सुटून आलं. मी तव्याकडे बघत होते.

"काकू, हा तवा किती जुना?"

"माझ्या लग्नातलो."

"साबणाने घासता?"

मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बिडाच्या तव्याक साबण?"

"नवा होता तेव्हा घावन सुटायचं?"

"खयचा सुटता? पयले पंधरा दिवस नुसते तुकडे. सासू म्हणायची, तुकडे खा, पण तवो घासू नको. तेल पिवांदे त्याका, काळो होवांदे. मगे तो..." त्यांचं उलथनं हवेतच थांबलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून टाकीकडे बघितलं. "म्हणजे ते दगड..."

"हो."

"आणि मी दर बुधवारी नवो तवो घासतंय."

"हो."

काकूंनी घावन माझ्या ताटात टाकलं. "मगे पयल्याच दिवशी असा सांगूक काय झाला होता? सात-सात कलमां लिवत बसलंस." मग त्यांनी पेन्सिल शोधली आणि माझ्या कागदावरची पहिली ओळ एक जाड रेघ मारून खोडली. माझ्या पत्रकावर झालेली ही एकमेव दुरुस्ती, आणि ती योग्य होती.

इथून पुढचं काम माझ्यापेक्षा त्यांना अवघड गेलं. हात न लावणं हेच काम होतं. पहाटे पाचला हात शिवशिवतात, असं त्या सांगायच्या. पाणी बदलायचं काम मी माझ्याकडे घेतलं. आठवड्यातून थोडंसं, औषध काढून टाकलेलं. तिसऱ्या आठवड्यात दगडांवर तपकिरी थर आला आणि मला इतका आनंद झाला की काकूंना वाटलं मी टिंगल करते आहे. मग हिरवं शेवाळ आलं, दगडांना दाढी आल्यासारखं. त्याच सुमारास काकूंकडे हळदीकुंकू होतं, मलाही बोलावणं होतं. टाकीवर चादर टाकू का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उजेड हवा, टाकू नका.

नवव्या मजल्यावरच्या परब वहिनी, चाळीत काकूंच्या शेजारच्या खोलीत राहायच्या त्या, टाकीसमोर थांबल्या. "रेडकरणी, ह्यात गटार सोडलंस की काय?"

"सोडलंय," काकू म्हणाल्या. "तुझ्याकडची लाईन जोडून घेतलंय."

बायका हसल्या, पण त्या गेल्यावर काकूंनी आधीच लख्ख असलेला ओटा पुन्हा घासायला घेतला. त्यांच्या जातकुळीच्या बाईला, जिचा ओटा बघून लोक सुना पसंत करायचे, चारचौघींत घाणीचा बोल लागणं किती लागतं हे मला तेव्हा कळलं. मी सहज म्हटलं होतं, टाकू नका.

एका दुपारी त्यांचा फोन आला. "चेडवा, काचेर पांढरा पांढरा कायतरी धावता. कोणी सोडल्यान?"

"कुणी नाही. माझ्या बादलीतून दुकानातले चार-दोन आले असतील, आता वाढले."

"माझ्या घरात वाढले?"

"तुमच्याच."

मग त्या म्हणाल्या, "खातत काय?" मी सांगितलं, शेवाळ. "मगे ता शेवाळ असांदे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुढच्या गुरुवारी त्यांनी मला पाहुणे दाखवावेत तसं सगळं दाखवलं: गोगलगाईची मोहरीएवढी पिल्लं, दगडाच्या भोकातून पिसारा काढणारा किडा, आणि मागच्या दगडावर कुंकवाच्या टिकलीएवढा गुलाबी ठिपका. तो ठिपका त्यांनी माझ्याआधी पाहिला होता.

मग संदेश उतरणार असल्याचा फोन आला. टाकीचा पुढचा कोपरा अजून हिरवागार होता. काकू म्हणाल्या, "एकदाच घासू? तो येवच्या आधी. एकदाच."

मला ताडकन नाही म्हणायचं होतं. पण टाकी गेली असती तर माझी एक टाकी गेली असती. त्यांचं मात्र घर गेलं असतं. म्हणून म्हटलं, "घासलीत तर तो खूश होईल आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येईल. नाही घासलीत तर तो काय म्हणेल, मला माहीत नाही." 'मला माहीत नाही' हे वाक्य मी वाचलेल्या एकाही पत्रकात नव्हतं. काकूंनी नुसती मान हलवली. काय ठरवलं ते सांगितलं नाही.

गुरुवारी मी गेले तेव्हा संदेश टाकीसमोर उभा होता. हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी, त्यात फांद्यांच्या प्रवाळाचा तुकडा. येता येता तो दुकानात गेला होता आणि अप्पांनी तो दिला होता. अप्पांशी काय बोलायचं ते मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. टाकीचा कोपरा हिरवाच होता. काकूंनी हात लावला नव्हता.

"आई, हे काय झालंय?" संदेश म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त वाईट वाटला. "मी गेलो तेव्हा कसली मस्त होती. तुला एकटीला झेपत नाही, मी सांगत होतो ना."

"चष्मो लाव," काकू म्हणाल्या.

"आई..."

"लाव. आणि वाकान बघ."

तो वाकला. काकू त्याच्या खांद्यावरून बोट दाखवत राहिल्या. हा इथला, हा त्याच्या मागचा, ह्याचं नाव हिला विचार. तो सुरुवातीला हं हं करत होता, मग गुडघ्यांवर बसला. बोटीवरचा इंजिनियर चालणाऱ्या यंत्रासमोर बसतो तसा बसला. मान न वळवता म्हणाला, "हे सगळं तू आणलंस?"

"मी काय नाय केलंय. तोच तर त्रास."

तो हसला आणि उठला. "बरं, मग आता हे सोडूया. सात महिने झाले, आता जगेल." त्याने पिशवी पुढे केली.

मी भाषणासाठी श्वास घेतला. काकूंनी माझ्याकडे न बघताच हात आडवा धरला.

"नको," त्या म्हणाल्या. "सात झाले नाय. दोनच झाले."

"दोन कसे?"

"पयले पाच मी खाल्लंय. दर बुधवारी दगड घासत होतंय, रोज पाणी बदलीत होतंय. चुकलां माझा."

हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी सांगितलं नसतं. ज्याने परीक्षा घेतली त्याच्यापुढे त्यांनी स्वतःचं नापास झालेलं वर्ष काढून ठेवलं, आणि संदेश तेच शब्द पकडणार असं मला वाटलं. तो म्हणाला, "मग?"

"मगे काय. आता अजून सहा म्हयने. जास्तच. रोज बघूचा, आणि हात लावूचो नाय. कोणतरी घरात होया." काकूंनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्या हातात दिली. "ता काम खारघरात बसान होवचा नाय."

संदेशने माझ्याकडे बघितलं. मी पिशवी दोन्ही हातांत नीट धरली.

"दुकानातल्या जुन्या टाकीत ठेवा मग," तो मला म्हणाला. "सहा महिन्यांनी बघू."

"बघू नाय," काकू पायाखालच्या लादीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "हयसर येवन बघ."